चिठ्ठी कुठे आहे?



१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवले म्हणून. त्या सुटकेचे पुढे काय झाले, हे पाहणे म्हणूनच आपल्यालाही परके नाही.

दक्षिण कॅरोलायनात १७०४ साली कायद्याने गस्तीची पथके नेमली गेली. गोरे पुरुष रात्री घोड्यावरून हिंडत, मळ्याबाहेर दिसलेल्या गुलामाला अडवत आणि मालकाची चिठ्ठी मागत. ती नसली की जागेवरच फटके. झोपड्यांची झडती तर केव्हाही. गुन्हा घडलेला असण्याची गरजच नव्हती. काळा माणूस मोकळा हिंडतो आहे, एवढे पुरे होते. अमेरिकेतली सगळी पोलीस दले या गस्तीतून निघाली, असे मी म्हणणार नाही. बॉस्टन, न्यूयॉर्कच्या दलांपुढे लंडनचा नमुना होता. माझे म्हणणे अडवण्याच्या त्या अधिकाराबद्दल आहे. तो गुलामीबरोबर गेला नाही.

१८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी रद्द केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती चालेल, अशी फट ठेवली. त्याच वर्षी मिसिसिपीने काळ्यांवर दर जानेवारीत रोजगाराचा लेखी पुरावा दाखवण्याची सक्ती केली. कामधंदा नसलेला माणूस कायद्याने गुन्हेगार. त्याला दंड भरता आला नाही, तर जो भरेल त्याच्याकडे त्याने राबायचे!

आता फर्ग्युसनला या. मिसूरी राज्यातले हे गाव, २०१४ च्या सुमारास २१ हजार वस्तीचे. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथे मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र तरुण पोलिसाच्या गोळीने मेला, आणि केंद्रीय न्याय खात्याने गावच्या पोलिसांचे दफ्तर उघडले. काळ्यांची वस्ती ६७ टक्के, पण अटक झालेल्यांत काळे ९३ टक्के. तिथे ‘रस्त्यावरून चालण्याची रीत’ असा एक गुन्हा होता. होय, चालण्याची! त्याखाली पकडलेल्यांत ९५ टक्के काळे. दंडाची वसुली हे नगरपालिकेचे उत्पन्न होते, आणि ते वाढवा म्हणून पोलीस प्रमुखाला वरून तगादा असे. दंड थकला की वॉरंट, वॉरंटामुळे कोठडी, कोठडीमुळे नोकरी गेली. ही साखळी मला १८६५ च्या मिसिसिपीहून फार वेगळी दिसत नाही.

यावर उत्तर ठरलेले असते: अडवले नाही तर गुन्हे वाढतील. न्यूयॉर्कने याचा पडताळा दिला आहे. २०११ मध्ये तिथल्या पोलिसांनी सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना अडवले. त्यांत बहुतेक काळे आणि लॅटिनो होते, आणि दहांतले जवळजवळ नऊ जण काहीही न सापडता सोडून दिले गेले. २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. पुढच्या वर्षी अडवणूक पन्नास हजारांच्याही खाली आली. गुन्हे वाढले नाहीत. २०१७ मध्ये तर त्या शहरातले खून वर्षाला तीनशेच्या आत आले.