संगणकाचे इंग्रजी



मी सातवी शिकलेली. मुलगी मराठी शाळेतून संगणक शिकायला गेली, तेव्हा धास्ती इंग्रजीचीच होती. पण यंत्राला द्यायच्या हुकुमांतले इंग्रजी थोडकेच निघाले. ‘इफ’ म्हणजे जर, ‘एल्स’ म्हणजे नाहीतर, ‘व्हाइल’ म्हणजे जोवर. जोवर दूध तापत नाही, तोवर ढवळत राहा, तसेच की हो!

निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१ साली संगणकाची पदवी मराठीतून सुरू झाली. उत्तम झाले. तरी नोकरीच्या मुलाखतीत पुष्कळदा इंग्रजीच बोलावे लागते, आणि तिथे हुशार मुली गप्प बसतात. म्हणून भाकरी थापताना मी लेकीला म्हणते, “आजचा धडा आधी मराठीत सांग, मग इंग्रजीत.” इंग्रजी मला कळत नाही, अडखळणे कळते. ते वाक्य तीनदा म्हणवून घेते. शेजारच्या दोघीही आता येऊन बसतात. भाकऱ्या तेवढ्या वाढल्या आहेत.