बोलोन्यातील पंगत



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी ‘आपल्या युरोपातील वास्तव्याविषयी बोलावे’ असे कळविले, तेव्हा त्यांच्या मनात रोमचे भग्नावशेष, फ्लॉरेन्सची चित्रे असे काहीतरी असणार. ती मीही पाहिली; परंतु ती माझ्यापेक्षा चांगली सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज बोलणार आहे ते जेवणाविषयी. संध्याकाळच्या या वेळी, घरोघरी स्वयंपाक चालू असताना, हा विषय काढणे म्हणजे श्रोत्यांवर थोडा अन्यायच. तो आपण गोड मानून घ्याल अशी आशा आहे.

२०१८ सालच्या सप्टेंबरात मी उत्तर इटलीतील बोलोन्या या शहरी गेलो आणि पुढल्या जूनअखेर परत आलो. एका प्रयोगशाळेत दहा महिन्यांचे काम होते. बोलोन्याचे विद्यापीठ युरोपातील सर्वांत जुने समजतात. त्याची स्थापना १०८८ सालची मानली जाते. इटलीत या शहराला तीन टोपणनावे आहेत: विद्वान, लठ्ठ आणि तांबडे. विद्वान ते विद्यापीठामुळे, तांबडे ते विटा-कौलांच्या रंगामुळे, आणि लठ्ठ अर्थातच खाण्यापिण्यामुळे. मी विद्वान शहरात काम करायला गेलो होतो. लठ्ठ शहराशी आपला काही संबंध येईल असे मला वाटले नव्हते.

पहिले सहा आठवडे तो आलाही नाही. माझ्या बॅगेत गोडा मसाला होता, मेतकूट होते, आईने दिलेला लोणच्याचा डबा होता. रोज रात्री खिचडी टाकायची आणि शेगडीपाशी उभ्याउभ्याच ती पातेल्यातून खाऊन संपवायची, असा माझा क्रम होता. शिवाय एक रोग जडला होता, गुणाकाराचा. युरोची किंमत दिसली की तिला ऐंशीने गुणायचे आणि हात आखडता घ्यायचा. कॉफी प्यायची तरी गुणाकार, सफरचंद घ्यायचे तरी गुणाकार! दिवस जगण्यापेक्षा ते ढकलण्याकडेच माझे लक्ष होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज एक फुली मारीत असे.

तळमजल्यावर घरमालकीणबाई राहत. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ किंचित वाकलेली, आवाज खणखणीत. मी त्यांना ‘सिन्योरा’ म्हणे. एके दिवशी जिन्यात त्यांनी मला थांबवले. परक्या देशात आलेल्या माणसाला ‘काय जेवता?’ असे सगळेच विचारतात. बाईंनी विचारले, ‘कोणाबरोबर जेवता?’ माझ्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये मी ‘कोणाबरोबर नाही’ असे सांगितले. त्यांनी असा काही चेहरा केला की जणू मी आजारी असल्याचेच त्यांना कळले होते. येत्या रविवारी एक वाजता खाली यायचे, असे फर्मान निघाले.

मी शिष्टाचार म्हणून अर्धा तास आधीच गेलो आणि त्यामुळे खरी मौज पाहायला मिळाली. टेबलाएवढा लाकडी पाट, त्यावर हातभराहून लांब लाटणे, आणि शंभर ग्रॅम पिठाला एक अंडे या हिशेबाने मळलेला पिवळाधमक गोळा! (अंड्याशी माझा समेट कॉलेजातच झाला होता, हे येथे सांगून ठेवतो.) त्या गोळ्याची बाई पोळी लाटीत होत्या. ती पोळी वाढत वाढत पाटभर झाली आणि शेवटी पाटाच्या कडेवरून धोतराच्या सोग्यासारखी खाली लोंबू लागली. आपल्याकडे पुरणपोळी लाटताना आजी जसा श्वास रोखून धरी, अगदी तसाच श्वास बाईंनी रोखला होता. मला एकदम घरी आल्यासारखे झाले.

या पोळीच्या पट्ट्या कापल्या की त्यांना ताल्यातेल्ले म्हणतात. त्या पट्टीची रुंदी किती असावी, याविषयी त्या शहराने काय करावे? १९७२ साली शहराच्या व्यापार मंडळात तिचे अधिकृत माप नोंदवून ठेवले. शिजल्यावर पट्टी बरोबर ८ मिलिमीटर भरली पाहिजे! नमुना म्हणून सोन्याची पट्टीच तेथे ठेवली आहे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हसलो. मग मनात आले, आमच्या गावच्या पुरणपोळीचे माप सोन्यात करून ठेवावे असे आम्हांला कधी वाटले का? आम्ही सोने ठेवतो ते पेटीत.

त्या रविवारपासून माझा दर रविवार खाली जाऊ लागला. आधी शेवया किंवा सारण भरलेले मोदकवजा प्रकार, मग पुढचा पदार्थ, भाज्या, फळ, शेवटी घोटभर कॉफी. जेवण दोन तास चाले. आपण ज्याला अघळपघळ वाढणे म्हणतो, ते मात्र तेथे नव्हते. प्रत्येक पदार्थ एकटा येई, त्याला पुरेसा वेळ मिळे, आणि त्याच्याविषयी टेबलावर मोकळेपणाने वाद होई.

डिसेंबरात संकट आले. पार्मेझान चीज मी दोन महिने मनसोक्त खाल्ले होते. दूध, मीठ आणि काळ. किमान बारा महिने मुरल्याशिवाय ते विकायला निघत नाही. चाळीसेक किलोच्या एका चाकाला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागते. हे सारे बाईंची मुलगी मला कौतुकाने सांगत होती. ती इंग्रजी शिकवीत असे, म्हणून दुभाष्याचे काम तिच्याकडे. बोलता बोलता ती सहज म्हणाली, दूध साकळवायला वासराच्या जठरातून काढलेले द्रव्य लागते. माझा घास हातातच राहिला. मी शाकाहारी. बाई त्यामुळे मला मांसाचे तोर्तेल्लिनी न वाढता रिकोत्ता भरलेले तोर्तेल्लोनी वाढीत. आणि रिकोत्ता होतो तो अशाच चीजच्या निवळीतून!

रात्री आईला फोन केला. वाटले, ती प्रायश्चित्त सांगेल. ती म्हणाली, ‘‘नको वाटत असेल तर खाऊ नकोस. पण त्या बाईंना तसं सांग. त्यांनी एवढं केलेलं लपवून बाजूला सारू नकोस.’’ मी सांगितले. मला भीती होती, बाई रागावतील. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या घरीही शुक्रवारी मांस नसे.’’ पुढच्या रविवारी माझ्या ताटात भोपळ्याचे सारण होते आणि चीजच्या जागी तव्यावर परतलेला पावाचा चुरा. दक्षिणेतली गरीब माणसे असेच करतात, असे त्यांनी सांगितले. तो चुरा मला त्या चीजपेक्षा गोड लागला.

त्या चुऱ्यावरून बाईंचे जुने दिवस निघाले. त्यांचे आईवडील अर्धेलीने शेती करीत. निम्मे पीक मालकाला. घरात रोज पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. एकच वाळवलेला मासा टेबलावर टांगायचा आणि प्रत्येकाने आपला पोलेंत्याचा तुकडा त्याला घासून खायचा, अशी गोष्ट उत्तर इटलीत पुष्कळ ठिकाणी सांगतात. ती हसण्यासाठी सांगतात. पण तिच्यामागचे वास्तव हसण्यासारखे नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत केवळ मक्यावर जगणाऱ्या तेथल्या शेतकऱ्यांना पेलाग्रा हा रोग होई. कातडी सोलवटे, जुलाब होत, शेवटी बुद्धिभ्रंश होई. मका अमेरिकेतून आला. पण तेथले लोक तो चुन्याच्या पाण्यात शिजवून घेत, आणि त्यामुळे त्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागे. युरोपने मका घेतला, चुना तेवढा घेतला नाही. आपणही यावर फार बोलू नये. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत हाच रोग आढळला आणि १९६० च्या सुमारास हैदराबादेत डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला.

तेव्हा मला कळले की हे लोक चवीने जेवतात ते पिढ्यान्‌पिढ्या सुखात लोळले म्हणून नव्हे. ज्यांना कालपरवापर्यंत पोटाला पुरत नव्हते, त्यांना मिळालेला घास किती मोलाचा ते ठाऊक आहे. माझा गुणाकार त्या दिवशी सुटला. मी सकाळी बाजारात जाऊ लागलो, मोसमातली भाजी कोणती ते विचारू लागलो, कॉफीच्या दुकानात चारचौघांसारखा फळीशी उभा राहून गप्पा ऐकू लागलो. बोलोन्यात रस्त्यांच्या कडेला कमानींच्या ओसऱ्या आहेत. साऱ्या शहरात मिळून त्या ६२ किलोमीटर भरतात. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांच्याखालून पावसातही कोरड्याने चालत मी कामावर जाई. कॅलेंडरवरच्या फुल्या मारायच्या राहून गेल्या, हे मला मार्चमध्ये लक्षात आले.

पण मला खरे सांगायचे आहे ते याच्या पुढचे. इटालियन घरगुती पाकशास्त्राचा आद्यग्रंथ पेल्लेग्रिनो आर्तुझी या गृहस्थांनी १८९१ साली स्वखर्चाने छापला. आर्तुझी आचारी नव्हते, व्यापारी होते. त्यांच्या घरी मारिएत्ता नावाची स्वयंपाकीण आणि फ्रान्चेस्को नावाचा आचारी होता. पदार्थ करून पाहिले ते त्या दोघांनी. मरताना आर्तुझींनी ग्रंथाचे हक्क त्या दोघांच्या नावे केले. जेवणाऱ्याचे नाव पुस्तकावर राहिले. पण करणाऱ्याचे ऋण तो विसरला नाही.

आमच्या रविवारी एक नियम होता. बाई खुर्चीत बसल्याशिवाय कोणी काट्याला हात लावायचा नाही. नातवाने एकदा लावला तर त्याची चांगलीच खरडपट्टी निघाली. मी तो नियम फार जुना असेल असे समजत होतो. बाई म्हणाल्या, ‘‘छे! माझी आई कधी बसलीच नाही. आम्ही जेवायचो, ती उभी असायची. ती गेल्यावर मी ठरवलं, या घरात असं होणार नाही.’’

श्रोतेहो, मी वर गेलो आणि पुष्कळ वेळ जागा होतो. माझी आई आमटी गरम पिते की गार, हे मला ठाऊक नव्हते. चाळिशी ओलांडलेल्या मुलाला ते ठाऊक नव्हते, कारण आईला गरम आमटी घेताना मी कधी पाहिलेच नव्हते. आमची पंगत उठली की आई आणि माझी पत्नी बसत. आम्ही फुलके तव्यावरून ताटात घेत होतो आणि त्याला घरचे सुख म्हणत होतो. ते सुख होते खरे, पण कोणाचे?

जूनमध्ये परतलो आणि पहिल्याच रविवारी सांगितले, सगळे एकदम बसायचे. पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या, भांडी टेबलावर मांडायची, ज्याने त्याने वाढून घ्यायचे. आई म्हणाली, ‘‘अरे, मी नंतर बसते.’’ मी म्हटले, ‘‘तू बसल्याशिवाय कोणी सुरू करणार नाही.’’ दोन-तीन रविवार तिला अवघड गेले. मध्येच उठायची, उगाच काहीतरी आणायची. गरम फुलका आम्हां पुरुषांना सोडावा लागला, त्याची चुटपुट लागली हेही कबूल करतो. पुढे रविवारच्या पोळ्या माझ्याकडे आल्या. त्यांचा आकार कोणत्याही व्यापार मंडळात नोंदवण्याजोगा नाही.

एका रविवारी आईने आमटीचा पहिला भुरका घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, ‘‘आज मीठ कमी पडलंय.’’ इतकी वर्षे तिला हे आम्ही सांगत होतो. त्या दिवशी ते तिने आम्हांला सांगितले.

युरोपातून मी काय आणले असे लोक विचारतात. ते एवढेच आहे. आणखी दहा मिनिटे माझ्या हाती आहेत. पण ती मी घेत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आत्ता कोणीतरी ताटे मांडून वाट पाहत असेल. घरी जा, आणि त्यांना आधी बसवा.