आराखड्याआधीची पायपीट : नगररचनेचे अध्यापन आणि संगणकीय साधने

नगररचनेचे विद्यापीठीय अध्यापन गेल्या काही दशकांत ड्रॉइंग बोर्ड आणि ट्रेसिंग पेपरवरून संगणकाच्या पडद्यावर आले, आणि हे स्थित्यंतर इतक्या सहजपणे घडले की त्यात काय मिळाले व काय निसटले याचा हिशेब मांडण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. छत्रपती संभाजीनगरात भरलेल्या या परिषदेच्या अध्यक्षपदावरून तो हिशेब मांडताना उदाहरणेही याच शहरातील घेणे उचित ठरेल, कारण पाठ्यपुस्तकात दूरदूरच्या शहरांवरून समजावले जाणारे बहुतेक प्रश्न येथे एका महापालिकेच्या हद्दीत शेजारी शेजारी नांदत आहेत. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी येथे वसवलेले आणि पुढे तटबंदी लाभलेले दरवाजांचे जुने शहर, 1972 पासून सिडकोने आखून वसवलेल्या सरळ रस्त्यांच्या वसाहती, आणि या दोहोंच्या भोवती वाढलेली गुंठेवारी, अशी तीन वेगवेगळ्या रीतींनी घडलेली वस्ती येथील विद्यार्थ्याला सिटी बसच्या एका फेरीत पाहता येते.

या शहराचा अभ्यास आज ज्या साधनाने होतो ते म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, अर्थात जीआयएस. जमिनीवरील प्रत्येक वस्तूचे स्थान अक्षांश-रेखांशांत आणि तिचा तपशील तक्त्यात साठवणारी ही व्यवस्था रस्ते, इमारती, नाले, आरक्षणे यांचे स्वतंत्र थर करते आणि ते थर एकमेकांवर ठेवून पाहण्याची सोय देते. 2002 मध्ये सुरू झालेले क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवरही चालते, त्याचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात विनामूल्य मिळतात आणि उपग्रहचित्रे इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर पाहता येतात. ज्या महाविद्यालयांना महागडे परवाने परवडत नाहीत त्यांच्यासाठी हा बदल मोठाच आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

अडचण साधनात नसून ते ज्या क्रमाने शिकवले जाते त्या क्रमात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 याच्या कलम 25 नुसार विकास आराखड्याच्या आधी विद्यमान जमीनवापराचा नकाशा, म्हणजे आज कोणत्या जागेचा प्रत्यक्ष उपयोग कशासाठी होतो हे दाखवणारा नकाशा, तयार करावा लागतो. आराखड्यातील पुढचे सारे निर्णय त्याच्यावर उभे राहतात. हा नकाशा हल्ली उपग्रहचित्रांवरून रेखाटता येतो, आणि चित्रातील रंग व पोत ओळखून जमिनीचे वर्गीकरण करणारी संगणकीय पद्धतही विद्यार्थ्यांना एका सत्रात शिकवता येते. परंतु उपग्रहाला दिसते ते छत. त्या छताखाली बिऱ्हाड आहे, पिठाची गिरणी आहे, शिकवणीचा वर्ग आहे की तळाला दुकान आणि वर भाडेकरू, हे दारात जाऊन विचारल्याखेरीज कळत नाही.

गुंठेवारीत ही उणीव सर्वांत महाग पडते. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. मंजूर रेखांकनाशिवाय शेतजमिनीचे असे लहान लहान तुकडे पाडून झालेली विक्री आणि त्यावर उभी राहिलेली घरे यांना गुंठेवारी म्हणतात. ती नियमित करण्यासाठी राज्याने 2001 मध्ये कायदा केला आणि 2021 च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. अशा वस्तीत एखादा भूखंड पडद्यावर मोकळा दिसला आणि तेथे उद्यानाचे आरक्षण पडले, म्हणजे ती जागा सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवली गेली, तर त्या भूखंडासाठी आयुष्याची पुंजी घातलेल्या कुटुंबाचे बांधकाम अडते. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित न झाल्यास कलम 127 नुसार नोटीस देऊन ती सोडवून घेता येते खरी, पण तोवर मुले मोठी झालेली असतात. नकाशावरील बहुभुज हा एखाद्याच्या मालमत्तेवरील कायदेशीर भार असू शकतो, ही जाण माऊस हाती येण्यापूर्वी यायला हवी.

मराठवाड्यात आणखी एक पदर आहे. जुना गावनकाशा उपग्रहचित्रावर अचूक बसवण्याच्या क्रियेला भूसंदर्भीकरण म्हणतात. त्यासाठी विहीर, बांधांचा संगम, देवळाचा कोपरा असे दोन्हींवर सापडणारे बिंदू जुळवावे लागतात. हा प्रदेश सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे येथील जुनी कागदपत्रे उर्दू व मोडी लिपीतही आढळतात. स्कॅनर त्यांची प्रतिमा घेतो, ती वाचत मात्र नाही. नगररचना विभागाने इतिहास व उर्दू विभागांचे दार ठोठावणे म्हणूनच हौसेचे काम नाही, ते मोजणीइतकेच गरजेचे आहे. ही दोन दारे एकाच आवारात असूनही वर्षानुवर्षे उघडत नाहीत, हे विद्यापीठांचे जुनेच दुखणे होय.

साधनाची मर्यादा शिकवण्यासाठी नहर-ए-अंबरीसारखा दुसरा पाठ मिळणे कठीण आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे भूजल गोळा करून केवळ उताराच्या बळावर वस्तीपर्यंत आणणारी ही सतराव्या शतकातील भूमिगत जलवाहिनी कोणत्याही उपग्रहचित्रात दिसत नाही. विनामूल्य मिळणारी उंचीची माहिती सामान्यतः 30 मीटरच्या चौकटींची असते आणि तिच्यात काही मीटरची चूक संभवते. खाम व सुखना या नद्यांची पाणलोट क्षेत्रे ओळखायला ती पुरते, पण गल्लीतील गटाराचा उतार ठरवायला पुरत नाही. विद्यार्थ्याने नहरीच्या वाटेवर प्रत्यक्ष लेव्हल घेऊन ती संगणकातील उंचीशी ताडून पाहिली, तर दोन आकड्यांमधील फरक त्याला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवेल. जे शहर आज जायकवाडीचे पाणी पंपांनी उपसून वर आणते आणि तरीही नळाची वाट पाहते, त्या शहराच्या विद्यार्थ्यांना उताराचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापन सुरू करणारे पॅट्रिक गेडिस आराखड्याआधी सर्वेक्षणाचा आग्रह धरत आणि त्यासाठी शहर पायी फिरत. संगणकाने त्या आग्रहाला बाद केलेले नाही. त्याने केवळ तो टाळण्याची सोय करून दिली आहे. परीक्षकांपुढे झळाळत्या त्रिमितीय चित्रफिती फिरतात, त्यांत झाडे हिरवीगार आणि पदपथ निर्मनुष्य असतात. फेरीवाला, पाण्याचा टँकर आणि रस्त्यावर उभी रिक्षा यांना त्यांत जागा नसते. अशा सादरीकरणाला आज मिळणारे गुण निम्मे करून ते क्षेत्रपडताळणीला, म्हणजे पडद्यावरील प्रत्येक नोंद जागेवर जाऊन तपासण्याला द्यावेत, असे या व्यासपीठावरून सुचवावेसे वाटते.

क्षेत्रपडताळणीच्याच सत्रात हरकतींच्या सुनावणीचाही सराव व्हावा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचनांसाठी 30 दिवस मिळतात आणि नियोजन समिती त्या ऐकते. या शहराचा प्रारूप आराखडा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामुळे सरावाचे साहित्य दूर शोधावे लागत नाही. काही विद्यार्थ्यांनी हरकतदार व्हावे, काहींनी समिती, आणि सारे बोलणे मराठीत व्हावे, कारण कार्यालयाच्या दारात गटक्रमांकाचा कागद घेऊन उभा राहणारा माणूस त्याच भाषेत प्रश्न विचारणार आहे.

महापालिकांकडे या परिषदेने एकच मागणी करावी: नागरिकांना आराखडा बहुधा चित्ररूप पीडीएफमध्ये मिळतो, त्याऐवजी त्याचे थर सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतील अशा स्वरूपात खुले करावेत. आणि अध्यापकांनी पुढील सत्राच्या आरंभी प्रत्येक तुकडीला एक प्रभाग नेमून द्यावा, पहिले चार आठवडे संगणकाची प्रयोगशाळा बंद ठेवावी.