नवीन सील टाकलं तरी ऑइल गळतंच?

आज हात काळे करायचा एपिसोड आहे.

आमच्या छोट्या हॅचबॅकच्या गिअरबॉक्सखाली डाव्या बाजूला ऑइलचे थेंब पडायचे. गॅरेजमध्ये सील बदललं, महिनाभरात परत तेच डाग. दुर्लक्ष करावं असं हे प्रकरण नव्हतं. इंजिन ऑइलसाठी डॅशबोर्डवर दिवा असतो, गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी आमच्या गाडीत काहीच नाही. ते आटत जातं आणि कळतं तेव्हा गिअर ओरडायला लागलेले असतात.

आता कारण ऐका. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या अशा गाडीत डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्या आतच बसलेलं असतं. त्यातून दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट बाहेर येतो आणि बाहेर येतो तिथे रबरी ओठाचं सील असतं. वर्षानुवर्षं तो ओठ शाफ्टच्या एकाच रेषेवर घासतो. त्यात बारीक धूळ अडकली की रबर चक्क लोखंडात खाच पाडतं! शाफ्ट काढून त्या जागी नख फिरवा. नख अडकलं, तर तिथे नवीन सील टाकून उपयोग नाही, शाफ्टच बदलायचा. आमच्याकडे नख अडकलं. मात्र शाफ्ट आत असताना धरून वरखाली हलवला आणि खूपच खेळ जाणवला, तर आतलं बेअरिंग गेलेलं असू शकतं. मग गिअरबॉक्स उघडावा लागतो. ते मी घरी करणार नाही.

हब नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, तो भयंकर घट्ट असतो. मग मागच्या चाकांना अडण लावा, जॅकनं पुढचा भाग उचला आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली जायचंच नाही. वीट फुटते हो.

ऑइल काढण्याआधी भरायचा बोल्ट उघडून बघा. तो गंजून बसला असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागेल. खालचा बॉल जॉइंट सोडवला की चाकाकडचं टोक हबमधून निघतं. आतलं टोक टामीनं जॉइंटच्या बुडाशी हलकेच उचकटायचं. शाफ्ट धरून ओढलात तर आतला जॉइंट निखळतो आणि वेगळाच उद्योग मागे लागतो. शिवाय दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकदम काढू नका. काही गिअरबॉक्समध्ये आतले गिअर जागेवरून सरकतात.

नवीन सील त्याच व्यासाच्या पाइपच्या तुकड्यानं सरळ ठोकून बसवा आणि ओठाला ऑइल लावा. शाफ्टवर सर्क्लिप नवीन घ्या. शाफ्ट आत सरकवताना त्याचे दाते ओठाला खरचटू देऊ नका. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘टक्’ आवाज आला की जॉइंट धरून हलका झटका द्या. बाहेर आला, तर सर्क्लिप बसलेली नाही.

हब नटही नवाच हवा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, चाक जमिनीवर टेकवून आवळा. टॉर्क रेंच नसेल तर भाड्यानं आणा, अंदाजानं नको. गाडी सपाट जागी ठेवून ऑइल भरायच्या बोल्टपर्यंत भरा.

रात्री खाली पुठ्ठा ठेवला होता, सकाळी कोरडा होता. आणि हो, जुनं ऑइल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, वास मात्र दोन दिवस हाताला राहतो.