ग्राहक म्हणजे वतन नव्हे

(श्रीवर्धन येथे भरलेल्या ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



सकाळी लक्ष्मीनारायणाचे दर्शन घेऊन मी ह्या मंडपात आलो, तेव्हा चिटणिसांनी माझ्या हाती विषयाची चिठ्ठी दिली. ‘माहितीसेवेची कंपनी कशी उभारावी?’ हा विषय आजच का, हे आपणांस ठाऊक आहेच. आपल्या ज्ञातीच्या सहा तरुणांनी अशी एक कंपनी येथेच, श्रीवर्धनात, काढण्याचे योजिले असून तिच्यासाठी ज्ञातीच्या निधीतून कर्ज मिळावे असा त्यांचा अर्ज आज दुपारी कार्यकारी मंडळापुढे यावयाचा आहे. निर्णय अर्थातच मंडळाचा. ह्याच धंद्यात उणीपुरी पस्तीस वर्षे घालविलेला मनुष्य म्हणून मला जे वाटते ते मी आडपडदा न ठेवता सांगणार आहे.

धंद्याचे नाव इंग्रजी आहे, म्हणून कोणी बिचकू नये. दुसऱ्याचे कागद, नोंदी, आकडे घ्यावयाचे. ते तपासून, एकमेकांशी ताडून पाहून, त्याच्या उपयोगी पडतील अशा रूपात त्यास परत द्यावयाचे, एवढेच हे काम. ह्या गावास ते नवे नाही. श्रीवर्धनची देशमुखी भटांच्या घराण्यात होती, आणि देशमुखी म्हणजे महालाच्या वसुलाची जबाबदारी. सिद्दीशी बिनसल्यावर बाळाजी विश्वनाथांना हे गाव सोडून घाटावर जावे लागले. वतन येथेच राहिले. बरोबर गेली ती कागद वाचण्याची, हिशेब जुळविण्याची विद्या. १७१३ साली त्यांना पेशवेपद मिळाले आणि १७१९ साली चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून आल्या. त्या सनदांचा अंमल करावयाचा तर कोणत्या परगण्याचा किती अंश कोणाकडे जावयाचा ह्याचे बिनचूक टिपण हवे. त्या कामी बाणकोटच्या खाडीपलीकडील वेळासच्या भानूंचे घराणे फडणिशीवर आले आणि त्याच घराण्यात पुढे नाना फडणीस झाले. तेव्हाचे ते कागद आजही पुण्याच्या दप्तरखान्यात आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतर त्यांतून वेचे काढून पंचेचाळीस खंड सिद्ध केले. वसुलासाठी लिहिलेल्या हिशेबांतून आज अभ्यासक धान्याचे भाव काढतात, दुष्काळाचा माग काढतात. ज्या कारकुनाने ती ओळ लिहिली, त्याला हा उपयोग स्वप्नातही दिसला नसेल; त्याने ती चोख लिहिली, म्हणून ती दुसऱ्या गरजेलाही उपयोगी पडली.

ह्या पूर्वजांचे गोडवे आपल्या संमेलनांत दरवर्षी गायिले जातात आणि मीही आता गायिले. परंतु गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. पुढे ती विद्या आपण वतन मानली. दप्तर आपले, गाव आपले, गावकऱ्यास आपल्यावाचून गती नाही, ही भावना रुजली. गावकऱ्याला काय हवे हे विचारण्याची गरजच उरली नाही, कारण तो जाणार कोठे? मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. कायदा रद्द करता येतो; मनातले वतन रद्द व्हावयास फार काळ लागतो. माझ्या पाहण्यातील पुष्कळ माहिती-कंपन्या त्या मनातल्या वतनानेच बुडाल्या, आणि माझीही बुडता बुडता राहिली.

प्रथम इतरांचे सांगतो. नरेंद्र पटणी व पूनम पटणी ह्या दांपत्याने १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील केंब्रिज शहरी हा धंदा सुरू केला. कागदावरील मजकूर यंत्रास वाचता येईल अशा रूपात आणून द्यावयाचा, हे त्यांचे काम. तो मजकूर हिंदुस्थानात टंकून घेतला तर चालेल काय, हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या बिऱ्हाडातील एक खोली अमेरिका मानली, दुसरी हिंदुस्थान, आणि दोन खोल्यांत बोलणे बंद करून केवळ लेखी सूचनांवर काम चालविले. ग्राहकाला काय हवे ते इतक्या नेमकेपणे लिहिता येते की नाही, ह्याचीच ती परीक्षा होती. मग पुण्यात फ्लेक्सोरायटर नावाची यंत्रे आली. त्यांवर टंकलेल्या कागदी फिती समुद्रापार जाऊ लागल्या आणि अमेरिकेतील वकिलांना लागणारे कायद्याचे ग्रंथ संगणकात शिरले. आज ती यंत्रे कोठे आहेत? पटणी मात्र टंकनाला चिकटून राहिले नाहीत. त्यांनी डेटा जनरल कंपनीचे संगणक विकावयास घेतले. संगणक घेणाऱ्याला त्यावर चालणारी आज्ञावली लागते असे दिसताच तीही लिहून देऊ लागले. त्याच कंपनीतील नारायण मूर्ती व त्यांचे सहा सहकारी ह्यांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिस स्थापन केली आणि एका ग्राहकाच्या जवळ राहता यावे म्हणून १९८३ साली बिऱ्हाड बंगळुरास हलविले. आपल्यापैकी किती जण ग्राहकासाठी बिऱ्हाड हलवतील? मुंबईत टाटांनी १९६८ मध्ये काढलेल्या कन्सल्टन्सीचाही आरंभ छिद्रपत्रांवर हिशेब करून देण्यात, बँकांच्या शाखाशाखांतील नोंदी जुळविण्यात झाला. आज ते काम तिच्या ओळखीतही उरलेले नाही.

आता माझे. १९९१ साली गिरगावात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आठ संगणक मांडून मी आरंभ केला. ते दिवस शेअरच्या अर्जांचे होते. नव्या कंपन्यांचे भाग विकावयास निघत आणि अर्जांची पोती आमच्या जिन्यावर येऊन पडत. अर्ज वाचून नाव, पत्ता, रक्कम टंकावयाची. पुढे हस्तांतराचे कागद टंकावयाचे. चार-पाच वर्षांत आमच्याकडे बेचाळीस माणसे झाली. आम्ही जलद होतो, स्वस्त होतो, आणि आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाकडे मी दसऱ्याला सोने घेऊन जात असे. वर्षभरात इतर वेळी त्याच्याशी माझे बोलणे केवळ बिलापुरते. १९९६ साली डिपॉझिटरीचा कायदा झाला. शेअर कागदावरून खात्यात जाणार, हे वर्तमानपत्रांत रोज छापून येत होते. मी ते वाचीत होतो आणि आणखी दहा संगणकांची मागणी नोंदवीत होतो. आपल्या ग्राहकास आपल्यावाचून गती नाही, अशी माझी समजूत होती. दोन-तीन वर्षांत पोती येणे थांबले.

त्या वेळी आमच्या कचेरीतील पर्यवेक्षक बाईंनी एक वही माझ्यापुढे ठेवली. टंकताना त्यांना जी विसंगती दिसे ती त्या स्वतःहून टिपून ठेवीत. एकच गृहस्थ एका कागदावर संपूर्ण नावाने, दुसऱ्यावर आद्याक्षरांनी, तिसऱ्यावर आडनावाच्या वेगळ्याच रोमन वर्णाने. लग्नाआधीच्या नावाने शेअर घेतलेल्या आणि नंतरच्या नावाने खाते उघडलेल्या कितीतरी स्त्रिया. त्या म्हणाल्या, “साहेब, कागद जाणार हे खरे; पण कागदावरचे नाव आणि खात्यावरचे नाव एक नसेल, तर शेअर खात्यात जाणार कसे?” प्रश्न अगदी खरा होता. नाव जुळत नाही म्हणून विनंत्या परत येऊ लागल्याच होत्या. आम्ही ती वही घेऊन त्याच ग्राहकाकडे गेलो आणि वर्षांत पहिल्यांदा त्याला विचारले, “आपली अडचण काय आहे?” त्याने दोन तास सांगितली. टंकनाचे काम संपले होते; नावे जुळविण्याचे, एकाच मनुष्याच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याचे काम सुरू झाले. आमची कंपनी आज उभी आहे ती त्या वहीवर. मात्र बेचाळिसांतून सतराच राहिले. पंचविसांना मी निरोप दिला, आणि त्यांतील एकाचे वडील आज ह्या मंडपात बसले आहेत. त्यांच्या मुलाच्या हाताला वेग होता. त्याला दुसरे काही शिकविण्यास मजपाशी पाच वर्षे होती, ती मी वाया घालविली.

ही चूक श्रीवर्धनात पुन्हा होऊ नये, म्हणून येथलेच एक उदाहरण देतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्या किनाऱ्यावर आले. रोठा सुपारीच्या वाड्या कशा आडव्या झाल्या, ते आपण पाहिले आहे. पंचनामे झाले ते क्षेत्राच्या हिशेबाने, कारण मदत हेक्टरी मिळावयाची होती. आता आमच्या वाड्या गुंठ्यांच्या. त्यांत सुपारी, नारळ, जायफळ, मिरी सगळे एकत्र. हेक्टरी हिशेबाने हाती काय पडणार? बागाईतदारांनी ओरड केली, आणि पुढे सुपारी-नारळासाठी झाडागणिक मदतीचा निर्णय झाला. म्हणजे प्रश्न बदलला. किती गुंठे, हे विचारणे थांबले. किती झाडे, हे विचारले जाऊ लागले. तोवर पडलेली झाडे तोडून पुष्कळांनी वाडी मोकळी केली होती. ज्याच्या घरी झाडांची वही होती त्याचे काम सोपे झाले. ज्याच्या घरी नव्हती तो खुंट मोजीत बसला. वही ठेवणारा काही शहाणा भविष्यवेत्ता नव्हता. क्षेत्राबरोबर झाडांचा आकडाही लिहून ठेवावा इतकेच त्याला सुचले होते.

मी तरुणांचा अर्ज वाचला आहे. त्यांत वीस संगणक, वीस टंकलेखक आणि मुंबईतील एक ग्राहक आहे. मुलांनो, रागावू नका, पण तुम्ही माझी १९९६ सालची कचेरी पुन्हा काढीत आहात. छापलेला मजकूर यंत्र आज स्वतः वाचते. हस्ताक्षरही बरेचसे वाचते. ते चुकते कोठे, हे ओळखणारा मनुष्य अजून लागतो, आणि तो कामाचे मर्म जाणणारा लागतो. शिवाय ज्याचे कागद आपण हाताळतो त्याची गुपिते आपल्या कचेरीत येतात. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने ती जबाबदारी आता अधिक कडक केली आहे. अर्जात कुलपाचाही खर्च दिसला नाही!

तरीही माझे मत कर्ज द्यावे असेच आहे. वीसांच्या जागी सहा संगणक घ्यावेत. वाचलेल्या पैशांतून दोघांना एक वर्षाचा पगार द्यावा. त्या दोघांनी काहीही टंकू नये. एकाने मुंबईच्या ग्राहकाकडे महिन्यातून एकदा जाऊन बसावे आणि आपण पाठविलेल्या कामाचे तेथे पुढे काय होते, ते पाहून यावे. दुसऱ्याने येथल्या बागाईतदारांकडे, होड्यांच्या मालकांकडे, उतारू ठेवणाऱ्या घरांकडे जावे आणि त्यांना कोणती वही हवी आहे, ते विचारावे. एकाच ग्राहकाकडून निम्म्याहून अधिक उत्पन्न येऊ लागले, तर मंडळास लेखी कळविण्याची अट कर्जपत्रात घालावी. ती अट मला कोणी घातली असती तर बरे झाले असते.

मी सोमवारपर्यंत श्रीवर्धनातच आहे. बाईंची ती वही मी बरोबर आणली आहे. तिची पाने आता पिवळी पडली आहेत, परंतु अक्षर चांगले लागते. सहाही जणांनी उद्या सकाळी माझ्याकडे चहाला यावे आणि येताना आपापल्या घरच्या वाडीची झाडे मोजून यावे.