चकतीचे पातेले



घरी गेल्यावर एखादे जुने पितळी पातेले उलटे करून दिव्यापुढे धरा, अशी माझी आपणांस विनंती आहे. बाहेरच्या अंगावर एकात एक बारीक वलये दिसली, तर ते बहुधा लेथवर दाबून घडवलेले आहे. या क्रियेला स्पिनिंग म्हणतात. नाव सूतकताईचे, काम मात्र पत्र्याचे!

कृती ऐकावयास सोपी आहे. भांड्याच्या आतल्या आकाराचा लाकडी किंवा लोखंडी साचा लेथवर चढवतात आणि पत्र्याची गोल चकती त्याच्या तोंडाशी घट्ट दाबून धरतात. लेथ फिरू लागला, की कारागीर बोथट, गुळगुळीत तोंडाचे लांब हत्यार काखेत धरून, साबण किंवा चरबी लावलेल्या चकतीवर अंगाचा भार टाकतो. हत्यार काही कापीत नाही. पत्राच थोडा थोडा लवत साच्याला बिलगतो.

आता जरा हिशेब करू. चकती ३० सेंटिमीटर व्यासाची. तिचा घेर सुमारे ९४. पातेले सरळ कडांचे, २० सेंटिमीटर व्यासाचे. त्याच्या तोंडाचा घेर सुमारे ६३. मधले ३१ सेंटिमीटर गेले कोठे? पत्र्याची जाडी तीच राहिली असे धरले, तर ते उंचीत गेले. बुडाभोवती जी कड ५ सेंटिमीटर रुंद होती, तिचीच सव्वासहा सेंटिमीटर उंच भिंत झाली. काठावरची धातू स्वतःतच आकसून वर सरकली. तिला सरकावयास सवड दिली नाही, तर झालरीसारख्या सुरकुत्या पडतात. एकाच जागी फार रेटले, तर पत्रा पातळ होऊन फाटतो.

शिवाय धातू दाबाने ताठर होते. मग ती तापवून नरम करावी लागते. तांबे तर लाल करून पाण्यात बुडवले तरी मऊच राहते. पोलाद मात्र तसे केल्यास कडक होते. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत हे कोणी पुस्तकातून शिकलेले नाही.

तांबटाच्या मठाराचे ठसे पाहून आपण हातकामाचे दोन पैसे जास्त देतो. ते योग्यच आहे. पण वलयांचे भांडे ‘मशीनचे’ म्हणून बाजूला सारतो, हे मला अन्यायाचे वाटते. तसे ठसे आज यंत्रानेही उठवता येतात, आणि साध्या लेथवर दाब किती द्यावा हे ठरवतो तो माणसाचा खांदा. संगणकावर चालणारी यंत्रे आली आहेत, मोठ्या मालाला ती बरी. प्रेसला वरचा आणि खालचा असे दोन महाग साचे लागतात. ते हजारो नगांवर फिटतात. पंचवीस घंगाळे हवी असली, तर एका लाकडी साच्यावर भागवणारा हाच कारागीर लागतो. त्याला दर मिळतो तो मात्र प्रेसच्या मालाशी तोलून. मग मुलाने हे हत्यार काखेत का धरावे?

एकदा हौसेने मीही ते धरून पाहिले. क्षणभरात चकतीची छत्री झाली, उलटलेली. कारागीर हसला नाही. “साहेब, तुम्ही पत्र्याकडे बघत होता,” तो म्हणाला, “आवाज बदलला तो ऐकला नाहीत.” आणि दुसरी चकती लावून त्याने लेथ सुरू केला.