बारावीचे गुण आणि वकिलीची वाट

मराठीत ऐंशी, इंग्रजीत जेमतेम अडतीस. सेलू-जिंतूरकडच्या घरांत असं गुणपत्रक आलं की ‘वकिलीचं राहू दे आता’ असं कुणीतरी म्हणतंच. घाई होते ती इथेच.

पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला बारावीच्या एकूण गुणांची टक्केवारी पाहतात, एकट्या इंग्रजीची नाही. खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, इतर मागासवर्गाला 42, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात. एवढा उंबरा ओलांडला की पुढची गुणवत्ता यादी राज्याच्या प्रवेश परीक्षेवर, म्हणजे सीईटीवर, लागते. बारावीचे गुण मग मुख्यतः दोघांची सीईटी सारखी आली तरच पुन्हा पाहिले जातात. सवलत हवी असेल, तर जातीची कागदपत्रं आधीच तयार ठेवा. निकालानंतरची धावपळ फार वाईट.

बारावीत टक्के कमीच पडले? कोणत्याही शाखेची पदवी त्याच किमान टक्क्यांनी मिळवा आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला या. त्याची सीईटी वेगळी असते.

छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला मात्र ‘क्लॅट’ ही वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून अंदाजपंचे ठोकू नका.